स्ट्रिपवर प्रोटीन टू प्लस, पण लघवीत काहीच नाही

पंचवटीत छोट्या लॅबमधे काम करतो, हा किस्सा मे महिन्यातला. ओझरहून एक मावशी सकाळचं सँपल घेऊन आल्या, बसमधे गर्दी, ऊन, लॅबमधे पोचेपर्यंत दुपार. लघवी तपासायची रंगीत चौकोनांची स्ट्रिप बुडवली तर प्रोटीन टू प्लस, म्हणजे बरंच, किडनीची शंका, मावशींचा चेहराच उतरला. पण क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) नॉर्मल, पायाला सूज नाही, मला पटेना म्हणून परत स्ट्रिप लावली, तेच. मग शेजारचा चौकोन बघितला, पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ८.५, म्हणजे खूप अल्कलाइन!

इथेच घोळ होता. स्ट्रिपमधे टेट्राब्रोमोफिनॉल ब्लू नावाचा रंग असतो, त्याला पीएच ३ च्या आसपास बफरने (पीएच स्थिर ठेवणाऱ्या रसायनाने) धरून ठेवलेलं असतं, अल्ब्युमिन हे प्रोटीन चिकटलं की पिवळ्याचा हिरवा होतो, पण लघवीच खूप अल्कलाइन असेल तर बफर हरतो आणि प्रोटीन नसतानाही हिरवा. सँपल उन्हात पडलं की जंतू युरियाचा अमोनिया करतात, पीएच चढतो.

मग जुनी पद्धत काढली, टेस्टट्यूबचा वरचा भाग उकळला, थोडा गढूळ झाला, असेटिक ॲसिडचे दोन-तीन थेंब टाकले की लगेच स्वच्छ, म्हणजे ते फॉस्फेट क्षार होते, प्रोटीन असतं तर गढूळ राहिलं असतं. दुसऱ्या दिवशी मावशींना लॅबमधेच ताजं सँपल द्यायला लावलं, पायरोगॅलॉल रेड या प्रोटीन मोजायच्या रंगाने मशीनवर ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशाला रीडिंग घेतलं, एकदम नॉर्मल.

उलटंही होतं बरं का, मायलोमातलं (अस्थिमज्जेच्या कॅन्सरमधलं) बेन्स जोन्स प्रोटीन स्ट्रिपला बऱ्याचदा दिसतच नाही, तिथे सल्फोसॅलिसिलिक ॲसिड टाकून गढूळ होतं का बघायचं.

आता पीएच ८ च्या वर दिसला की मी प्रोटीनचा रिपोर्ट थांबवतोच, मालक कटकट करतात तरी.