मिशनच्या शाळेत शिक्षक टिकत नसतील तर पालकांनी काय करावे

इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर या भागांतल्या मराठी घरांत मुलीला ‘कॉन्व्हेंट’मध्ये घालण्याची रीत दोन-तीन पिढ्यांपासून चालत आली आहे, आणि आजी ज्या शाळेत शिकली तिथेच नात शिकते अशी उदाहरणे आमच्या नात्यातच चार-पाच निघतील. या जुन्या विश्वासामुळे शाळेविषयी तक्रार करण्याची वेळ आली की पालक दोनपैकी एका टोकाला जातात. काही जण ‘सिस्टर आहेत म्हणजे पाहतीलच’ म्हणून वर्षभर गप्प बसतात, तर काही जण कोणाशीही न बोलता मंगळवारच्या जनसुनवाईत अर्ज घेऊन कलेक्टर कचेरीत उभे राहतात. माझी मुलगी आठवीत असताना ऑगस्ट ते डिसेंबर या काळात तिच्या वर्गाला गणिताचे तीन शिक्षक झाले आणि मधले २६ दिवस कोणीच नव्हते. त्या वर्षी मी आधी गप्प बसण्याची आणि नंतर पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तोंडसुख घेण्याची, अशा दोन्ही चुका केल्या. त्यानंतर जे शिकलो ते इथे क्रमाने लिहीत आहे.

आधी शाळा कोणाची आहे ते शोधावे

शाळेच्या नावात ‘सेंट’ किंवा ‘कॉन्व्हेंट’ असले म्हणजे ती कॅथलिक शाळा झाली असे मुळीच नाही. आपल्या शहरात, किंबहुना उत्तर भारतातल्या प्रत्येक शहरात, चर्चशी काडीचाही संबंध नसलेल्या खासगी शाळांनी ही नावे घेतलेली आहेत, आणि प्रॉटेस्टंट मिशनच्या शाळा पुन्हा निराळ्या. खरोखरच्या कॅथलिक शाळेतही दोन प्रकार आढळतात. काही शाळा थेट धर्मप्रांताच्या, म्हणजे डायोसिसच्या असतात. इंदूरचा धर्मप्रांत १९५२ साली स्थापन झाला असून त्याचे प्रमुख बिशप असतात. दुसऱ्या शाळा एखाद्या धर्मसंघाच्या, म्हणजे सिस्टरांच्या किंवा फादरांच्या संघटनेच्या असतात, आणि त्या संघाचे प्रांतप्रमुख, ज्यांना शाळेत सगळे ‘प्रोव्हिन्शियल’ म्हणतात, ते इंदूरमध्ये राहत असतीलच असे नाही.

हा फरक माहीत नसला तर पत्र चुकीच्या पत्त्यावर जाते. प्राचार्य सिस्टर शाळेचा रोजचा कारभार पाहतात, परंतु शिक्षकांची पदे किती, पगार किती आणि रिकाम्या जागी कायमची नेमणूक करायची की तात्पुरती, हे निर्णय बहुधा संस्थेच्या व्यवस्थापक मंडळाचे असतात. शिवाय प्राचार्य स्वतः संघाच्या आदेशाने बदलून जातात, त्यामुळे मार्चमध्ये तोंडी दिलेले आश्वासन जूनमध्ये आलेल्या नव्या प्राचार्यांना ठाऊकच नसते. शाळा चालवणाऱ्या सोसायटीचे किंवा ट्रस्टचे नाव शुल्काच्या पावतीवर किंवा शाळेच्या संकेतस्थळावर छापलेले असते. ते टिपून ठेवावे.

महिनाभर नोंद ठेवावी

‘शिक्षणाचा दर्जा खालावला आहे’ या वाक्याला कोणतीही शाळा उत्तर देऊ शकत नाही, आणि खरे सांगायचे तर द्यावे असे त्यात काही नसते. याउलट ‘७ ते २५ नोव्हेंबर या काळात आठवी-ब मध्ये गणिताचे ११ तास झाले नाहीत’ या वाक्याला उत्तर द्यावेच लागते. मुलाच्या वेळापत्रकाची प्रत भिंतीवर लावून रोज संध्याकाळी दोन मिनिटांत कोणता तास कोणी घेतला, कोणता रिकामा गेला, वही केव्हा तपासली गेली, एवढेच लिहावे. त्याच वर्गातल्या आणखी तीन-चार घरांनी ही नोंद स्वतंत्रपणे ठेवली तर एका मुलाच्या विसरण्याने किंवा अतिशयोक्तीने चित्र बिघडत नाही. मुलांना मात्र हेर बनवू नये. ‘आज कोण आले होते?’ हा प्रश्न पुरेसा आहे. ‘मॅडम वर्गात मोबाइल पाहतात का?’ असे विचारायला लागलो की मूल आपल्याला आवडेल ते उत्तर द्यायला शिकते.

नियम काय म्हणतात

सीबीएसईशी संलग्न शाळेच्या बाबतीत पालकांचे काम पुष्कळ सोपे आहे, कारण मंडळाने शाळांना आपल्या संकेतस्थळावर ठराविक माहिती उघड करणे सक्तीचे केले आहे. त्यात शिक्षकांची एकूण संख्या, त्यांतले पदव्युत्तर, पदवीधर आणि प्राथमिक गटांतले किती, विशेष शिक्षक व समुपदेशक आहेत की नाहीत, दहावी-बारावीचे तीन वर्षांचे निकाल आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांची यादी येते. मंडळाच्या नियमानुसार प्राचार्य, क्रीडाशिक्षक, समुपदेशक अशी मंडळी वगळून दर तुकडीमागे किमान दीड शिक्षक हवा, म्हणजे ३० तुकड्यांच्या शाळेत निदान ४५ शिक्षक असले पाहिजेत. हा भागाकार घरी बसून करता येतो. आम्ही केला तेव्हा कागदावरची संख्या बरोबर होती, पण यादीतले काही जण शाळा सोडून गेले होते. तेव्हा माहिती कोणत्या तारखेची आहे तेही पाहावे. मध्य प्रदेश मंडळाच्या शाळांसाठी केंद्र सरकारच्या यूडायस प्लस या संकेतस्थळावर शाळेचे नाव किंवा क्रमांक टाकून शिक्षकसंख्या पाहता येते.

शिक्षकांच्या पात्रतेविषयी पालकांच्या मनात एक मोठा गैरसमज असतो. बी.एड. म्हणजे सगळ्या वर्गांचा परवाना असे आपण धरून चालतो, परंतु पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविका लागते, आणि केवळ बी.एड. असलेल्या उमेदवाराला प्राथमिक वर्गांसाठी पात्र धरता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी स्पष्ट केले. अकरावी-बारावीला त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. अपेक्षित असते.

आता जिथे पालक हमखास फसतात तो मुद्दा. शिक्षणाचा हक्क कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो अल्पसंख्याक संस्थांना, म्हणजे कॅथलिक शाळांनाही, लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी दिला. त्यामुळे २५ टक्के राखीव जागा किंवा त्या कायद्यातले विद्यार्थी-शिक्षक प्रमाण यांचा हवाला कॅथलिक शाळेला दिला की शाळेचे वकील हसत हसत तो अर्ज निकालात काढतात. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निकालाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न सरन्यायाधीशांकडे पाठवला, पण तेवढ्याने जुना निकाल रद्द झालेला नाही. तथापि संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना दिलेला शाळा चालवण्याचा हक्क म्हणजे ती वाईट रीतीने चालवण्याचा हक्क नव्हे, हे केरळच्या शिक्षण विधेयकाविषयी मत देताना सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच सांगून ठेवले आहे. संलग्नता देणाऱ्या मंडळाच्या अटी शाळेने स्वतः स्वीकारलेल्या असतात, म्हणून पत्रात आधार त्या अटींचाच घ्यावा.

शिक्षक का जातात हेही समजून घ्यावे

पूर्वी या शाळांत सिस्टर आणि फादर स्वतः शिकवत असत. आता त्यांची संख्या कमी झाली आहे आणि बहुतेक वर्ग वेतनावर काम करणारे शिक्षकच सांभाळतात. भौतिकशास्त्र किंवा गणित चांगले शिकवणाऱ्या माणसाला भंवरकुआंच्या एखाद्या कोचिंगमधून बोलावणे आले की तो जातो, आणि सरकारी शिक्षकभरतीचा निकाल लागला की आणखी दोघे-तिघे जातात. यात राग धरण्यासारखे काही नाही. त्याचप्रमाणे प्रसूतीच्या २६ आठवड्यांच्या रजेवर गेलेल्या शिक्षिकेविषयी गटावर कुजबुज करणे मला अशोभनीय वाटते. ती रजा हा तिचा कायदेशीर हक्क आहे, आणि ती कधी सुरू होणार हे शाळेला महिनोन्महिने आधी ठाऊक असते, म्हणून बदली शिक्षकाची व्यवस्था का झाली नाही हा प्रश्न व्यवस्थापनाला विचारायचा असतो. शुल्क वाढू नये असेही आपणच म्हणतो आणि शिक्षक टिकावेत असेही आपणच म्हणतो, ही अडचण सभेत बोलण्यापूर्वी प्रत्येकाने मनाशी सोडवून पाहावी. मध्य प्रदेशच्या शुल्क नियमन कायद्याखाली शुल्कात १० टक्क्यांपेक्षा अधिक वाढ करायची तर जिल्हा समितीची मान्यता लागते. पालकांनी वाढीला केवळ विरोध करण्याऐवजी तिच्यातला किती भाग शिक्षकांच्या वेतनात जाणार हे विचारले तर चर्चेला काही अर्थ येतो.

पत्र असे लिहावे

पहिले पत्र वर्गशिक्षकांना नव्हे, प्राचार्यांना लिहावे, कारण नेमणूक वर्गशिक्षकांच्या हातात नसते आणि त्यांना उगाच अवघडल्यासारखे होते. पत्र हिंदीत किंवा इंग्रजीत एका पानाचे असावे, त्यावर पाच-सहा पालकांच्या सह्या असाव्यात आणि कार्यालयातून प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. पन्नास सह्यांचे पत्र धमकीसारखे वाटते, एका सहीचे पत्र मुलाला एकटे पाडते. आशय साधारण असा ठेवावा:

“आदरणीय प्राचार्या महोदया, आठवी-ब मध्ये ७ ते २५ नोव्हेंबर या काळात गणिताचे ११ तास झाले नाहीत, तारखांची यादी सोबत जोडली आहे. कोणत्याही शिक्षकाविरुद्ध आमची तक्रार नाही. नियमित शिक्षकाची नेमणूक केव्हापर्यंत होईल, तोपर्यंत तास कोण घेईल आणि बुडालेला अभ्यासक्रम कसा भरून काढला जाईल, हे १५ दिवसांत लेखी कळवावे, आणि त्याआधी भेटीची वेळ द्यावी, ही विनंती.”

भेटीला दोघांनीच जावे, शक्यतो एक आई आणि एक वडील, आणि परत आल्यावर त्याच दिवशी ‘आज आपण असे म्हणालात’ एवढा मजकूर ईमेलने पाठवावा. नवीन प्राचार्य आल्या तरी तो कागद फाइलमध्ये राहतो.

उत्तर आले नाही तर

इथे कॅथलिक शाळेत एक दार अधिक असते, ज्याची बहुतेक मराठी पालकांना कल्पनाच नसते. कॅथलिक चर्चचा स्वतःचा कायदा आहे, त्याची सध्याची संहिता १९८३ ची आहे आणि तिच्यात शाळांसाठी वेगळी कलमे आहेत. कलम ७९६ नुसार शिक्षकांनी पालकांशी निकटचे सहकार्य करावे, त्यांचे म्हणणे आपुलकीने ऐकावे आणि पालकांच्या सभा भरवून त्यांना मान द्यावा. कलम ८०६ नुसार बिशपांना आपल्या क्षेत्रातल्या कॅथलिक शाळांवर, धर्मसंघांनी चालवलेल्या शाळांवरसुद्धा, देखरेख ठेवण्याचा आणि त्यांना भेट देण्याचा अधिकार आहे. तिथले शिक्षण परिसरातल्या इतर शाळांच्या निदान बरोबरीचे असावे, याची काळजी शाळाप्रमुखांनी घ्यायची आहे. न्यायालयात या कलमांचा उपयोग नाही. पण ज्यांनी आयुष्य त्या संस्थेला वाहिले आहे त्यांना त्यांच्याच नियमाची नम्रपणे आठवण करून दिली, तर ती सरकारी नोटिशीपेक्षा अधिक लागते, असा माझा अनुभव आहे. म्हणून १५ दिवसांनंतर दुसरे पत्र शाळेच्या व्यवस्थापकांना, आणि संघाची शाळा असेल तर प्रोव्हिन्शियलना, पाठवून त्याची प्रत बिशपांच्या कार्यालयाला द्यावी. आपण हिंदू आहोत म्हणून तिथे कोण विचारणार, असा संकोच बाळगू नये. मुले आपली आहेत आणि शाळा आपल्यासाठीही उघडलेली आहे. मात्र शिक्षकांच्या तुटवड्याच्या पत्रात प्रार्थना, क्रूस, नाताळ हे विषय ओढून आणू नयेत. तसे झाले की गणिताचा तास बाजूला राहतो आणि शहरात भलताच वाद पेटतो, ज्यात वर्गातल्या कोणाचाही फायदा नसतो.

याउपरही काही हलले नाही तर सीबीएसईच्या भोपाळ प्रादेशिक कार्यालयाकडे, किंवा शाळा राज्य मंडळाची असल्यास जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे, आधीच्या पत्रांच्या प्रती जोडून अर्ज करावा. विनाअनुदानित खासगी शाळेला माहितीचा अधिकार थेट लागू होत नाही, पण मंडळाने किंवा शिक्षण विभागाने शाळेकडून घेतलेली माहिती १० रुपयांच्या अर्जावर त्या कार्यालयांकडे मागता येते. १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते खरी, परंतु शिक्षक नेमण्याच्या बाबतीत तिचा उपयोग मला फारसा दिसला नाही; मुलाला मारहाण, सुरक्षिततेचा प्रश्न किंवा असेच काही गंभीर घडले असेल तर मात्र या पायऱ्या चढत बसू नये, तक्रार त्याच दिवशी पोलिसांकडे आणि राज्याच्या बाल अधिकार संरक्षण आयोगाकडे करावी.

आमच्या पत्राला उत्तर बाराव्या दिवशी आले. एका निवृत्त शिक्षिकेला फेब्रुवारीअखेरपर्यंत बोलावण्यात आले, शनिवारी दोन जादा तास ठेवले गेले, आणि नियमित शिक्षक एप्रिलमध्ये, नव्या सत्राला आले. त्या वेळापत्रकाची प्रत अजून आमच्या फ्रिजवर आहे. फक्त आता तिच्यावर नववीच्या तासांच्या खुणा आहेत.