इंग्लंडमधल्या पूर्वजांचे कागद शोधताय? या चुका टाळा

सासरचा वंशवृक्ष करायला घेतला आणि इंग्लंडमधली रेकॉर्ड ऑफिसं (जुन्या दप्तरांची कार्यालयं) पालथी घालायला लागले, त्याला आता बरीच वर्षं झाली. इथे कुणाचा जावई इंग्रज, कुणाची सून इंग्रज. नातवंडांसाठी दोन्हीकडची घराणी लिहून ठेवावीत असं वाटतं, मग फोन येतो. विचारणाऱ्यांच्या चुका मात्र त्याच त्या असतात.

आजचा नकाशा बघून काउंटी ठरवणं

काउंटी म्हणजे इंग्लंडमधला जिल्हा, आणि ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मीही केली आहे.

१८८१ च्या जनगणनेत सासूबाईंच्या पणजोबांचं जन्मगाव लिहिलं होतं: वाँटेज, बर्कशर. नकाशावर बघितलं तर वाँटेज ऑक्सफर्डशरमध्ये. मला वाटलं, लिहिणाऱ्याने चूक केली असेल. आधी चौकशी न करता रजा टाकली आणि भर पावसात ऑक्सफर्डमधल्या काउलीला गेले. ऑक्सफर्डशरचं हिस्टरी सेंटर तिथे एका जुन्या चर्चच्या इमारतीत आहे. काउंटरवरच्या बाईंनी गावाचं नाव ऐकलं आणि हळूच म्हणाल्या, "तिथल्या चर्चची रजिस्टरं रेडिंगला आहेत."

झालं होतं असं, की १ एप्रिल १९७४ ला काउंट्यांच्या सीमा बदलल्या. वाँटेज, अ‍ॅबिंग्डन, फॅरिंग्डन ही गावं बर्कशरमधून ऑक्सफर्डशरमध्ये गेली, पण त्यांची जुनी दप्तरं रेडिंगला, बर्कशरच्या रेकॉर्ड ऑफिसातच राहिली. आपल्याला हे कळायला जड जाऊ नये. सावंतवाडीच्या माणसाच्या १९७० च्या कागदावर जिल्हा रत्नागिरीच असणार, सिंधुदुर्ग झाला १९८१ ला.

पुढच्या खेपेला सासूबाईंना घेऊन रेडिंगला गेले. मायक्रोफिशच्या (कागदांचे बारीक फोटो असलेल्या फिल्मच्या) पडद्यावर बाप्तिस्म्यांचं पान आलं. १८१३ पासून हा छापील नमुना आहे, एका पानावर आठ नोंदी. मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा. धंद्यापुढे लिहिलं होतं 'मजूर'. आईचं माहेरचं आडनाव नव्हतं, या नमुन्यात ते नसतंच. पण तिचं पहिलं नाव होतं, आणि ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी पडद्यावर बोट टेकवलं आणि ते नाव दोनदा वाचलं.

तेव्हापासून माझी सवय: गाव हाती आलं की १९७४ च्या आधी ते कुठल्या काउंटीत होतं ते वहीत लिहायचं, मगच पुढे. बोर्नमथ हॅम्पशरमध्ये होतं, आता डॉर्सेटमध्ये आहे. मिडलसेक्स तर १९६५ लाच मोडली, तिचे कागद लंडनच्या आर्काइव्हमध्ये बघायचे. डडली गाव तेव्हा वूस्टरशरचं होतं, पण चहूबाजूंनी स्टॅफर्डशर. अशा ठिकाणी कागद कुणी तयार केला हे विचारा. चर्चची रजिस्टरं बिशपच्या हद्दीप्रमाणे ठेवली जातात आणि ती हद्द काउंटीशी जुळेलच असं नाही. गरीबखान्याचे कागद पुअर लॉ युनियनचे (गरिबांच्या मदतीसाठी केलेल्या गावांच्या गटाचे), आणि युनियन कधीकधी दोन काउंट्यांत पसरलेली असे.

रेजिमेंटच्या म्युझियमकडे सैनिकाची फाइल मागणं

पणजोबा पहिल्या महायुद्धात होते म्हटल्यावर लोक थेट रेजिमेंटच्या म्युझियमला लिहितात. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी तसं पत्र टाकलं आणि चार महिने उत्तराची वाट बघितली. शिपायांच्या सेवेचे कागद म्युझियमकडे नसतातच. ते लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्हमध्ये आहेत, तेही उरले तेवढेच. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात त्यातले साधारण ६० टक्के जळाले, उरलेल्यांना 'बर्न्ट रेकॉर्ड्‌स' म्हणतात. म्युझियममध्ये पलटणीचे फोटो, पदकं, रोजनिशा असतात. त्यासाठी जरूर जा, पण आधी रेजिमेंटमधली कुठली बटालियन (तुकडी) ते शोधून जा. नुसतं रेजिमेंटचं नाव घेऊन गेलात तर तेही बिचारे काय देणार?

"ऑनलाइन दिसत नाही, म्हणजे नाहीच"

नवख्यांची ही घाई मला खरंच खुपते. एका वेबसाइटवर आडनाव टाकायचं, दहा मिनिटांत काही मिळालं नाही की सोडून द्यायचं, किंवा दुसऱ्या कुणाचा वंशवृक्ष उचलून आपला म्हणायचा. स्थानिक कागदांचा मोठा भाग अजून पेट्यांतच आहे. नॅशनल आर्काइव्हच्या 'डिस्कव्हरी' सूचीत देशभरच्या २,५०० हून जास्त संस्थांची माहिती आहे. कुठल्या गावासाठी कुठलं ऑफिस, हे तिथे कळतं. सूचीत दिसतं ते कागदाचं वर्णन. कागद बघायला मात्र बहुधा जावंच लागतं.

गावच्या लायब्ररीला कमी लेखू नका. स्थानिक इतिहासाच्या कपाटात धंदेवाल्यांच्या नाव-पत्त्यांच्या जुन्या डिरेक्टऱ्या आणि मतदारयाद्या मिळतात, फिल्मवर गावचं वर्तमानपत्र मिळतं. पैसे भरून बघायच्या कितीतरी वंशावळीच्या वेबसाइटही अनेक लायब्रऱ्यांत फुकट बघता येतात.

मृत्युपत्र १२ जानेवारी १८५८ च्या आधीचं असेल तर ते चर्चच्या कोर्टांच्या दप्तरात शोधायचं: कँटरबरीच्या कोर्टाची क्यूला, यॉर्कची यॉर्कच्याच बॉर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये, छोट्या कोर्टांची बहुधा स्थानिक रेकॉर्ड ऑफिसात.

रेकॉर्ड ऑफिसात जाताना शाईचं पेन घरी ठेवा, पेन्सिल न्या. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या. वार आणि वेळ आधी बघा.

पूर्वज मुंबई इलाख्यात नोकरीला होता? मग काउंटीत शोधत बसू नका. त्या इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्‌समध्ये आहेत, मुंबईची मालिका एन/३.

आणि रेकॉर्ड ऑफिसला ईमेल कराल तेव्हा "या आडनावाचं सगळं पाठवा" असं लिहू नका. मी चारच ओळी लिहिते: नाव, गाव आणि चर्च, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, आणि आतापर्यंत काय काय बघून झालं. साल नक्की नसेल तर पाच वर्षं अलीकडे, पाच वर्षं पलीकडे.