ओव्हरक्लॉकिंग शिकायचंय? आधी कूलर समजून घ्या

महागडं ग्राफिक्स कार्ड घेतलं की ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे चिप ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्यासाठी, कोअर क्लॉकचा (मुख्य चिपच्या वेगाचा) स्लायडर कधी एकदा ओढतोय असं होतं. नव्याने शिकणाऱ्यांना मी मात्र सांगतो, पहिले काही दिवस फक्त तापमान, वॅट आणि पंख्यांचा वेग बघत बसा. आजच्या कार्डांना बहुतेक वेळा उष्णता आणि वीजच अडवतात, क्लॉकची पाळी नंतर येते.

एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० कार्डाची मूळ पॉवर लिमिट (वीज वापराची मर्यादा) ४५० वॅट आहे, ५०९० ची ५७५. ही जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होते. ४०९० मध्ये त्यातला मोठा वाटा जेमतेम ६ चौरस सेंटिमीटरच्या चिपमधून बाहेर पडतो. म्हणून चिपवर थेट व्हेपर चेंबर बसवतात. त्यात कमी दाबाखाली थोडंसं द्रव असतं. चिपच्या बाजूला त्याची वाफ होते, ती थंड बाजूला जाऊन पुन्हा द्रव होते आणि आतल्या जाळीतून परत येते. पुढचं काम हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या), फिन (धातूच्या पातळ पट्ट्या) आणि पंख्यांचं.

एनव्हिडियाच्या कार्डावर तापमान वाढत गेलं की बूस्ट क्लॉक (कार्ड स्वतःहून गाठतं तो वाढीव वेग) साधारण १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली येतो. शिवाय तापलेली चिप त्याच क्लॉकला जास्त वीज खाते, कारण गळतीचा प्रवाह (चिपमधून वाया झिरपणारी वीज) वाढतो. म्हणजे नुसतं कूलिंग सुधारलं तरी सेटिंगला हात न लावता क्लॉक थोडा वर जातो.

३० आणि ४० मालिकेच्या कार्डांवर कोअरसोबत हॉटस्पॉटही (चिपवरच्या सर्वांत तापलेल्या जागेचं तापमान) बघा. दोघांत १०-१५ अंशांचा फरक असेल तर ठीक. तो २५-३० वर गेला, तर पेस्ट (चिप आणि कूलरमधला उष्णता वाहणारा लेप) सरकली आहे किंवा कूलर नीट दाबून बसलेला नाही असं धरून चाला. कूलर उघडलात तर थर्मल पॅड (मेमरी चिप आणि कूलरमधली मऊ गादी) फेकण्याआधी उजेडात धरून बघा. मेमरी चिपचा चौकोन चारही कोपऱ्यांसकट पॅडवर उमटलेला हवा. एखाद्या बाजूला ठसा पुसट असेल तर तिथे पॅड नीट टेकतच नव्हता. नवा पॅड मात्र त्याच जाडीचा घ्या. आधीपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड लावला तर मेमरी थंड होईल, पण कूलर चिपवरून उचलला जाईल. स्क्रू आवळताना एक झाला की तिरक्या कोपऱ्यातला, थोडे थोडे करून. वॉरंटीच्या अटी हे सगळं करण्याआधीच वाचा.

३०९० मध्ये निम्मी मेमरी बोर्डाच्या मागच्या बाजूला आहे. कोअर ६५ अंशांवर निवांत आणि मेमरी शंभरीच्या पुढे, असं चित्र त्या कार्डावर सहज दिसतं. तिथे मागच्या प्लेटवर हवा लागली पाहिजे.

आता सेटिंग. माझं स्पष्ट मत आहे की अंडरव्होल्टिंग (चिपला कमी व्होल्टेज देणं) आधी शिकावं. वीज क्लॉकच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. क्लॉक तोच ठेवून १.०५ व्होल्टवरून ०.९५ वर आलात, तर स्विचिंगला लागणारी वीज सुमारे १८ टक्के कमी होते. आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलण्याच्या प्रोग्राममध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेजचा कर्व्ह (कोणत्या व्होल्टेजला किती क्लॉक हे दाखवणारी रेघ) उघडतो. हवा तो बिंदू वर उचला आणि त्यापुढची रेघ सपाट करा. वाचलेल्या वॅटमध्ये मग क्लॉक वाढवायला जागा मिळते.

कोअर १५-१५ मेगाहर्ट्झने वाढवा. मेमरी वेगळी तपासा, दोन्ही एकदम नको. ३०९० आणि ४०९० वरची जीडीडीआर६एक्स मेमरी चुकलेला डेटा ओळखून पुन्हा पाठवते, त्यामुळे जास्त ताणली तरी स्क्रीनवर ठिपके दिसतीलच असं नाही. क्लॉकचा आकडा वाढतो आणि फ्रेम कमी होतात! म्हणून प्रत्येक पायरीला बेंचमार्कचा (कार्डाचा वेग मोजणाऱ्या चाचणीचा) स्कोअर आणि खोलीचं तापमान लिहून ठेवा. खोली पाच अंशांनी गार असेल तर तुलना फसवी ठरते.

बेंचमार्क तासभर चालला म्हणजे झालं असंही नाही. रे ट्रेसिंगचा (प्रकाशकिरणांचं गणित करून चित्र रंगवणारा) जड गेम तेच सेटिंग काही मिनिटांत क्रॅश करू शकतो. अनेक दिवस रोजच्या वापरात टिकेपर्यंत ते विंडोज सुरू होताना आपोआप लागू करू नका.

पॉवर लिमिट वाढवणार असाल तर त्याआधी १६ पिनचा कनेक्टर पूर्ण आत बसलाय का, हे डोळ्यांनी बघा. फट दिसता कामा नये, आणि प्लगला लागूनच केबल वाकलेली नको. जास्त वॅटवर अर्धवट बसलेल्या पिना वितळू शकतात.