वडिलांच्या नावात अडकलेले माइल्स

विमान कंपनीची मेंबरशिप असली की प्रवासानंतर माइल्स, म्हणजे बक्षिसाचे गुण, आपोआप जमा होतात म्हणे. माझे होईनात. माइल्स नाहीत म्हणून मेंबरशिपची वरची श्रेणी नाही, आणि ती नाही म्हणून मुंबई विमानतळाच्या टी-टूवर (टर्मिनल 2) लाउंजवाले आत घेईनात. कस्टमर केअरचं एकच पालुपद: "सर, नाव जुळत नाही."

मग बोर्डिंग पास नीट पाहिला. आपल्याकडे पासपोर्टात स्वतःच्या नावाला लागून वडिलांचं नाव असतं. पासवर आधी आडनाव, मग तिरकी रेघ, आणि पुढे दोन्ही नावं सलग, आगगाडीसारखी. मेंबरशिपच्या फॉर्मात मात्र मधल्या नावाला रकानाच नव्हता!

पासपोर्टची प्रत पाठवून खात्यातलं नाव तिकिटाबरहुकूम करून घेतलं आणि राहिलेल्या माइल्सचा क्लेम टाकला. तिथे नुसता पीएनआर चालला नाही, ई-तिकिटाचा 13 आकडी नंबर लागला. बोर्डिंग पासही मागतात. त्याचा फोटो लगेच काढून ठेवा, थर्मल कागदावरची अक्षरं पुसट होतात.

माइल्स आले. स्वस्तातल्या तिकिटांचे कमी आले, कारण माझ्या मेंबरशिपमध्ये ते बुकिंग क्लासच्या, म्हणजे तिकिटाचा भाडेप्रकार सांगणाऱ्या, एका अक्षरावर ठरतं. हे कुणी तिकीट विकताना सांगत नाही. आता पासवर मेंबर नंबर छापलेला दिसला नाही, तर चेक-इन काउंटरवरच घालून घेतो.