पहिली दहा माणसं कुठून आणायची

नवं वर्कशॉप टाकणाऱ्या पोराला घरचे सांगतात, सुरुवातीला आपलीच माणसं घे, विश्वासाची. उद्योजकतेच्या शिबिरात सांगतात, टीममध्ये विविधता हवी. पुण्याजवळ भोसरी एमआयडीसीत माझं सीएनसी जॉबवर्क आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनांवर दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग करून द्यायचे, आणि मी घरच्यांचं ऐकलं होतं. पहिली आठही माणसं माझ्या गावची.

चैत्रात गावची यात्रा आली आणि आठच्या आठ जण गेले. चार दिवस मशिनं बंद, माल तारखेला गेला नाही. यात्रेला जाऊ नका असं कोणत्या तोंडानं म्हणणार? चूक भरतीत होती.

ओळखीचा माणूस घेऊच नका, असं माझं म्हणणं नाही. रात्री किल्ली कुणाकडे सोपवायची, हा प्रश्न ओळखीनंच सुटतो. पण ओळखीच्या मागून त्याचा मेहुणा येतो, मेहुण्याच्या मागून चुलतभाऊ, आणि बाकीच्यांना जागा निघाल्याचं कळतही नाही. म्हणून जागा निघाली की तोंडी सांगू नका. औंधच्या सरकारी आयटीआयमध्ये कागद द्या. त्यावर काम, शिफ्टची वेळ, जवळचा बसस्टॉप आणि पगाराचा आकडा लिहा. 'योग्यतेनुसार' लिहिलंत की ओळख नसलेला माणूस बिचकतो.

मुलाखतीत तीन प्रश्न बंद करा: आडनाव काय, गाव कुठलं, पाहुणे कोण. आपल्याकडे जात विचारायची ही सभ्य रीत आहे, आणि ते विचारणाऱ्यालाही माहीत असतं. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. हा अभ्यास २००७ साली छापून आला.

बोलण्याऐवजी हातात काम द्या. मी लेथवर टर्निंग केलेली एक पिन, तिचं ड्रॉइंग आणि माप घ्यायला व्हर्नियर देतो. एक व्यास मुद्दाम ०.१ मिमीनं चुकवलेला असतो. वेळ वीस मिनिटं. उत्तराच्या कागदावर नावाऐवजी नंबर, आणि तपासणारा सुपरवायझर असा, की ज्यानं उमेदवार पाहिलेलेच नाहीत. गेल्या वेळी एका कागदावर चुकलेला व्यास तर होताच, वर लिहिलं होतं, 'पिन फिरवून परत मोजली, माप बदलतं, गोल नाही.' पिन खरंच अंडाकृती होती आणि ते मला ठाऊक नव्हतं. तो कागद एका बाईंचा निघाला. आधीच्या ठिकाणी त्यांना नऊ वर्षं फक्त बर, म्हणजे कापलेल्या धातूच्या कडेची कूस, काढायला बसवलं होतं. आज आमचं फायनल इन्स्पेक्शन त्या बघतात.

बायकांना कामावर घ्यायच्या आधी टॉयलेट बांधा, नंतर नाही. वेगळ्या टॉयलेटची अट १९४८ च्या कारखाना कायद्यापासून आहे, तरी आमच्या गल्लीत कितीतरी गाळ्यांत ते नाही. आतून लागणारी कडी, दिवा, पाणी, झाकणाची कचरापेटी एवढं बघा. दहा माणसं झाली की २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावी लागते: अध्यक्ष महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरची व्यक्ती. नावं आणि फोन नंबर भिंतीवर लावा.

जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपमध्ये फेरी मारा. आमच्याकडे एक मुलगा डबा घेऊन मशीनच्या मागे बसायचा आणि पाण्याची बाटली घरून आणायचा. मी कुणाला काही सुनावलं नाही. लांब बाक करून घेतला, पिंपाजवळ सगळ्यांना सारखे पेले ठेवले, आणि रोज माझा डबा त्याच्याशेजारी उघडू लागलो. पंधरा दिवसांनी त्यानं बाटली आणणं सोडलं.

सहा महिन्यांनी पगारपत्रक आणि हजेरीपट शेजारी ठेवून बसा. ओव्हरटाइम कुणाला मिळाला, झाडू कुणाच्या हातात राहिला, नव्यांपैकी कोण सोडून गेलं, हे पेन्सिलीनं लिहून काढा. सोडून गेलेल्याला स्वतः फोन करा, सुपरवायझरला करायला लावू नका.