आईच्या निसर्गाच्या वह्या रद्दीत जायच्या आधी

आई गेली की तिच्या साड्या कुणाला द्यायच्या यावर घरात चार मीटिंगा होतात, वह्यांचं नाव कोणी काढत नाही. माझी आई शाळेत सायन्स शिकवायची, रविवारी भाकरी-चटणी बांधून बाबांना सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर घेऊन जायची आणि किचनमधल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाखाली ‘भोरड्या आल्या’ असं लिहायची, भोरड्या म्हणजे गुलाबी मैना. तुमच्या घरातही अशी कोणी होऊन गेली असेल तर हे वाचा.

आधी फक्त गोळा करा, वाचत बसू नका, नाहीतर पहिल्याच वहीत दिवस जातो. डायऱ्या, जुनी कॅलेंडरं, पुस्तकांचे समास, उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू, सगळं एका जागी आणा. कॅलेंडर तर अजिबात टाकू नका, त्यावर तारीख छापलेलीच असते. मग खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाईलच्या स्कॅन ॲपने पान न् पान काढा आणि फाईलला वर्ष-महिना असं नाव द्या. फाटकी पानं लॅमिनेट करू नका, सेलोटेप पण नको, तो काही वर्षांनी पिवळा पडून अक्षर घेऊन जातो. तुम्हाला काही नोंद करायची असेल तर वेगळ्या कागदावर, पेन्सिलने.

पेपरात दाबून वाळवलेली पानंफुलं सापडली तर ती आणि त्यांच्यासोबतची चिठ्ठी वेगळी करायची नाही, कारण कुठून आणि कधी तोडलं हे गेलं की अभ्यासाच्या दृष्टीने तो नुसता पाचोळा. कीड दिसली तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आतलं सगळं रूम टेंपरेचरला येऊ द्या. संग्रह मोठा असेल तर जवळच्या कॉलेजच्या बॉटनी डिपार्टमेंटला दाखवा किंवा पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आहे तिथे विचारा, पण आधी फोटो पाठवा, गठ्ठा घेऊन थेट दारात उभं राहू नका.

आता पक्षी. इथे वेळ द्या, कारण खरं मोल इथेच आहे. ई-बर्ड नावाची साईट आहे, तिथे जुन्या तारखांच्या नोंदीही भरता येतात. तिच्या नावाचं वेगळं अकाउंट काढा, तुमच्या पक्ष्यांत तिचे मिसळू नका. वेळ, अंतर काहीच लिहिलेलं नसेल तर ‘हिस्टॉरिकल’ हा प्रकार निवडायचा, आकडा नसेल तर फक्त एक्स टाकायचा, म्हणजे पक्षी दिसला एवढंच. दिसलेले सगळे पक्षी लिहिलेत का असं साईट विचारते, तिथे प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणा, कारण बहुतेक आया कावळे-चिमण्या लिहितच नाहीत. तिने भोवत्या (हा शिकारी पक्षी, त्याच्या बऱ्याच जाती) लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं असेल तर आज गुगल करून तुम्ही तो पट्टेरी भोवत्या करू नका. जात नक्की नसलेला भोवत्या असाही पर्याय यादीत असतो, तो घ्या. ते प्रश्नचिन्ह तिने विचार करून टाकलंय.

‘पहिल्यांदा दिसला’ अशा नोंदींचा वेगळा तक्ता करा. चातक कोणत्या वर्षी कोणत्या तारखेला आला, भोरड्या कधी आल्या. त्या मध्य आशियाकडून ऑगस्ट-सप्टेंबरपासून यायला लागतात आणि आपल्याकडची ज्वारी हुरड्यावर आली की शेतकऱ्याच्या शिव्या खातात. एकाच माणसाने एकाच गावात वर्षानुवर्षं ठेवलेल्या अशा तारखा सहसा मिळत नाहीत. आणि नान्नजचा माळढोक लिहिलेला असेल तर ते पान दोनदा स्कॅन करा. तिथलं माळढोक अभयारण्य 1979 चं, पण आता तिथे माळढोक दिसणं म्हणजे नशीबच.

वहीत जे नाही ते बाबांकडे असतं. पण ‘आईबद्दल काहीतरी सांगा ना’ असं म्हटलं की ते ‘लई चांगली होती’ म्हणतात आणि पेपर उघडतात. त्यांना कंबर तलावावर घेऊन जा, बाकड्यावर शेजारी बसा, समोरासमोर नको, आणि बारीक प्रश्न विचारा, दुर्बीण कुठून घेतली, पैसे कोणी दिले, साप निघाला तेव्हा ती काय म्हणाली, तुम्हाला खरंच आवडायचं का एवढ्या उन्हात फिरायला? शेवटच्या प्रश्नाला जे उत्तर येतं ते रेकॉर्ड झालंच पाहिजे. विचारून मोबाईल चालू ठेवा आणि ते बोलायलेत तोवर मध्ये तारीख दुरुस्त करू नका.

वर्षश्राद्धाला दोन पानं लिहून वाटणार असाल तर प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू हे तीन शब्द आधीच काढून टाका, ते सोलापुरातल्या प्रत्येक मयत माणसाला लागू पडतात. त्याऐवजी तिचीच एक नोंद जशीच्या तशी छापा, चुकलेल्या स्पेलिंगसकट, आणि तिच्या अक्षराचा फोटो. दहाव्याला कावळा शिवायची वाट बघत सगळे उभे होते तेव्हा मला एवढंच वाटत होतं की आई असती तर तिने गावकावळा की डोमकावळा ते आधी विचारलं असतं. हे पण छापा, पाहुणे रागावले तर रागावले.

झाड लावायचा उत्साह येतोच, पण कृपा करून माळावर नको. माळढोक उघड्या जमिनीवर सहसा एकच अंडं घालतो, त्याला लांबपर्यंत मोकळं दिसणारं गवत लागतं, आणि आपण तिथे आईच्या नावाने झाडं लावली तर तिलाच ते पटलं नसतं. त्यापेक्षा ती रोज बघायची तो कॉलनीतला बहावा सीझनवॉच या झाडांच्या नोंदी ठेवणाऱ्या उपक्रमात नोंदवा आणि आठवड्यातून एकदा पालवी, कळ्या, फुलं, शेंगा बघून भरा, पोरांना हे काम छान जमतं. लावायचंच असेल तर शाळेच्या आवारात कडुलिंब लावा, पहिला चांगला पाऊस झाल्यावर. पुढचे दोन उन्हाळे पाणी कोण घालणार हे मात्र खड्डा खणायच्या आधी नावासकट ठरवा, आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही आणि मे महिन्यात सगळे पुण्याला गेलेले असतात.