स्वतःच्या ब्लॉकचेन व्यवहारासाठी बायनरी स्कीमा कसा ठरवावा

बायनरी स्कीमा म्हणजे व्यवहारातली माहिती बाइटमध्ये कशी मांडायची याचे नियम. कोणती फील्ड लागतात, त्यांचा क्रम काय, हे तुम्ही आधीच ठरवलंय असं धरतो.

पहिला बाइट व्यवहाराच्या प्रकाराला द्या. इथेरियममध्ये ईआयपी-२७१८ या सुधारणा-प्रस्तावानुसार नवे प्रकार ० ते १२७ मध्ये बसतात, तर जुना व्यवहार १९२ किंवा त्यापुढच्या बाइटने सुरू होतो. त्यामुळे गल्लत होत नाही. हा बाइट आणि चेन आयडी (कोणती ब्लॉकचेन ते सांगणारा आकडा) दोन्ही, ज्या बाइटवर सही होते त्यांत धरा, नाहीतर एका चेनवरचा व्यवहार कुणीही उचलून दुसरीवर चालवेल.

आकडे ठरावीक रुंदीचे, लिटल-एंडियन (सर्वात कमी किमतीचा बाइट आधी). रक्कम सर्वात लहान एककात, पूर्णांकात. फ्लोट (अंदाजे साठवला जाणारा दशांश आकडा) नको म्हणजे नको.

आता खरी गोम. ‘एन्कोड केलं (मूल्याचे बाइट केले), डीकोड केलं (बाइटवरून मूल्य काढलं), मूल्य तेच आलं, झालं काम’ असं सांगणाऱ्यांकडे सरळ दुर्लक्ष करा. उलटी दिशा तपासायची असते: आलेले बाइट डीकोड करून पुन्हा एन्कोड केले तर हुबेहूब तेच बाइट मिळतात का?

बिटकॉइनची लांबी लिहायची पद्धत घ्या. २५२ पर्यंतचा आकडा एका बाइटात मावतो. त्याहून मोठा असेल तर आधी २५३ लिहून पुढे दोन बाइट (आणखी मोठ्यांसाठी २५४, २५५). म्हणजे ५ हा आकडा नुसता ५ असा लिहिता येतो आणि २५३, ५, ० असाही. भोळा डीकोडर दोन्ही मुकाट्याने स्वीकारतो. आता समजा तुमचा नोड (नेटवर्कमधला व्यवहार तपासणारा संगणक) सही तपासताना मूल्यं नव्याने एन्कोड करतो, पण व्यवहाराचा आयडी आलेल्या कच्च्या बाइटवरून काढतो. मधल्या कुणीही लांबी फुगवली की सही वैध राहते आणि आयडी बदलतो. पैसे पाठवणारा जुन्या आयडीची वाट बघत बसतो. असा घोळ नको म्हणून बिटकॉइन कोअर (बिटकॉइनचं मुख्य सॉफ्टवेअर) असं फुगवलेलं रूप नाकारतो. तुम्हीही नाकारा, आणि ते डीकोडरमध्येच. ‘वरचा थर बघून घेईल’ ही पळवाट आहे.

याच न्यायाने बूलियनमध्ये (हो/नाही मूल्यात) ० आणि १ सोडून काही आलं, मॅपमधल्या ‘की’ (ज्यांवरून मूल्यं शोधतात त्या खुणा) चढत्या क्रमात नसल्या किंवा दोनदा आल्या, शेवटी एक जरी बाइट उरला, तर व्यवहार बाद. लांबीची कमाल मर्यादा मेमरी राखून ठेवण्याआधी तपासा. चार बाइटच्या लांबीत कुणीही सुमारे ४२९ कोटी लिहून पाठवू शकतो.

अशा कामासाठी प्रोटोबफ हा गूगलचा तयार एन्कोडिंग प्रकार सर्रास सुचवला जातो. पण त्याच्या अधिकृत माहितीतच म्हटलंय की एकाच संदेशाचे बाइट नेहमी सारखेच येतील याची हमी नाही. सही आणि हॅशसाठी (बाइटवरून काढलेल्या ठशासाठी) मी ते जसंच्या तसं वापरणार नाही. बोर्श हा दुसरा एन्कोडिंग प्रकार मुळातच एका मूल्याला एकच रूप देतो, तो घ्या.

चाचणीसाठी दोन-तीन व्यवहारांचे बाइट हाताने लिहून काढा. कोडकडून काढून घेतलेत तर चूकही त्यात जशीच्या तशी उतरते. सोबत मुद्दाम बिघडवलेले नमुनेही ठेवा. ते नापास झालेच पाहिजेत.

नंतर फील्ड वाढवायचं असेल तर नवा प्रकार-बाइट घ्या. चालू स्कीमाला हात लावू नका.